खळ्यातली रिंग

गेल्या सोमवारी सकाळी मानसी कॉलेजला गेली आणि मी शिडी काढली. आमच्या खळ्याच्या कडेला सागाचा खांब आहे, त्यावर बास्केटबॉलची रिंग होती. तिचे चारही बोल्ट सोडवले आणि ती गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात लपवून ठेवली...

चोरी केल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी शहापूरच्या वेल्डरकडून ती रिंग मीच करून आणली होती.

मानसी माझी मुलगी, बारावीला आहे. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर, आणि मी गावातच भाताची गिरणी चालवतो.

खेळाच्या सरांनी तिला एकदा सांगितलं की तुझा डावा हात कच्चा आहे. तेव्हापासून घरातलं सगळं डाव्या हातानं सुरू झालं... कळशी, झाडू, दाराची कडी. बायको म्हणायची, "अगो, देवाला फूल तरी उजव्या हातानं वाहा."

सकाळी मी पूजेला बसलो की खळ्यातून चेंडूचा ठप ठप आवाज यायचा. मला तो आवडायचा. घंटीच्या आवाजात मिसळून जायचा.

नवरात्राच्या आसपास ती उडी मारून उतरली ती वाकड्या पायावर. जीपमधून दवाखान्यात नेताना घोटा बघता बघता सुजला. ती रडत नव्हती, नुसती ओठ दाबून बसली होती... त्यानंच मी जास्त घाबरलो.

त्या जीपमध्ये मी मनातल्या मनात गावदेवीला बोललो. आई, हिचा पाय धड कर. हिला परत उडी मारू देणार नाही.

हे कुणालाच सांगितलं नाही. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं, पाय धड झाला. हळूहळू डॉक्टरांनी खेळायलाही परवानगी दिली. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या टीमची निवड आहे, म्हणून पोरगी पहिल्यापेक्षा दुप्पट खेळायला लागली.

आणि माझी पूजा संपली. हातात फूल असायचं आणि कान खळ्यात. चेंडू वाजला की वाटायचं, आता उडी मारेल. वाजायचा थांबला की त्याहून वाईट... मी तसाच ओल्या पंच्यावर बाहेर धावायचो. ती पाणी पीत उभी असायची.

देवीला दिलेला शब्द रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. तो मी दिलेला, पण भोगणार कोण? या वेळी घोटा गेला, पुढच्या वेळी काय जाईल... गिरणीत भात ओतताना मनात हेच फिरायचं. एकदा तर एकाचा तांदूळ दुसऱ्याच्या पोत्यात भरला.

म्हणून रिंग उतरवली.

संध्याकाळी मानसी आली, खांबाकडे बघून थांबली. बोल्ट गंजले होते, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठप ठप... बाहेर जाऊन बघतो तर ती नुसत्या खांबावर, त्या चार भोकांवर नेम धरून चेंडू मारत होती. उडी तीच, उतरणंही तेच. नवस पाळला जात नव्हता तो नव्हताच, वर पोरीची रिंगही गेली होती.

गुरुवारी जेवताना मी सगळं सांगून टाकलं.

मग बायको भात वाढता वाढता म्हणाली, "म्हंजे तुमी देवीला शेजाऱ्याचा कोंबडा कबूल करून आलात."

मानसीला हसू आलं, पण डोळे भरले होते. "बाबा, खेळ माझा हाय," ती म्हणाली. "देवीला तुमी तुमचं काय दिलंत?"

माझं जेवण तसंच राहिलं.

शुक्रवारी नारळ घेऊन देवळात गेलो. देवीला म्हटलं, जे माझं नव्हतं ते मी कबूल केलं, चूक झाली. माझं म्हणून एकच सांगता येईल... गिरणीवर दिवसाला सात-आठ वेळा पितो तो चहा. तो आजपासून सोडला. पोरीला मोकळी कर. तिच्यावर राग धरू नकोस, धरायचा तर माझ्यावर धर.

देवीनं काही खूण दिली नाही. मीही मागितली नाही. भीती गेली असंही सांगणार नाही, पण घरी येऊन चहाचं दोघींना सांगितलं.

काल सकाळी पुन्हा शिडी लावली. मानसी खाली शिडी धरून उभी. मी एका हातानं रिंग धरलेली, बोल्ट भोकात बसेना.

"बाबा, नीट धरा," खालून आवाज आला. "तुमी पडलात तर मी काय सोडू? मी तर चहा पण पीत नाय."

चारही बोल्ट पान्यानं आवळले, खाली उतरलो, पेंढ्याच्या काड्या झटकल्या. तिनं चेंडू डाव्या हातात घेतला आणि उडी मारली. ती जमिनीवर उतरेपर्यंत मी डोळे उघडे ठेवले...

देवीच्या कृपेनं आज नव्या नवसाचा तिसरा दिवस. डोकं चहाविना ठणकतंय, आणि रिंग वर आहे.