डर्कनच्या आजोबांसाठी नोनीने मागितलेली मिस्सा

आमच्या किलशानमध्ये सूड घेणारी माणसं पुष्कळ होऊन गेली. कुणी शेजाऱ्याच्या गवताची गंजी पेटवली, कुणी दुसऱ्याची गाय रातोरात भलत्याच डोंगरावर नेऊन सोडली. पण नोनी टार्पीने घेतला तसा सूड मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्यात गाडी माझी होती, याचा आनंद मला अजून पुरतोय.

नोनी म्हणजे माझ्या वरच्या अंगाची शेजारीण. लग्न केलं नाही. हंसं पाळायची आणि नाताळला विकायची. दरवर्षी कळपातल्या सर्वांत माजोऱ्या नराचं नाव ती मॅलकी ठेवायची, आणि त्याची मान मुरगाळायचं काम दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

खरा मॅलकी डर्कन गावात राहायचा. आमच्याकडे जो पब चालवतो तोच किराणा विकतो आणि तोच शवपेट्याही पुरवतो. ते सगळं डर्कनांचं. शिवाय मॅलकी कौन्सिलवर निवडून आलेला. त्याच्या घराण्याची पुण्याई एकच : आजोबा अँथनी. एकोणीसशे एकवीस सालच्या, आयरिश स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांच्या शिपायांनी अँथनीला घरातून उचललं, गोळी घातली आणि दलदलीत पुरलं, अशी कथा. प्रेत काही मिळालं नाही. आणि शिपायांना त्याचं नाव सांगणारा फितूर कोण, तर नोनीचा आजा.

पुरावा काय? अँथनीचा मुलगा डॉमिनिक, म्हणजे मॅलकीचा बाप, तसं सांगायचा. एवढ्यावर टार्पींच्या तीन पिढ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर एकट्या बसल्या.

नोनीची आई वारली तेव्हा मी इंग्लंडात विटा वाहत होतो. आमच्याकडे मयताचं रात्रभर जागरण असतं. चहा, हॅम, तंबाखू, गप्पा. शत्रूसुद्धा येऊन खुर्चीत टेकून जातो. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणायच्या, ही रीत. नोनीला कुणी खुर्ची दिली नाही. तिने दुधाच्या मोठ्या कॅनवर फळ्या टाकून भिंतीकडेने बसायची सोय केली. पाद्री आले, रोझरीचा जप म्हणून गेले. दुसरं कुणी उंबरा चढलं नाही. डर्कनांनी पेटी विकली, पण पेटी पोचवणारा माणूस दारातूनच परत गेला.

"त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत मी आईशी बोलत बसले," ती मला एकदा म्हणाली. "तिला म्हटलं, जा तू पुढं. मी यांचं बघून घेते."

आणि मग तीन वर्षांपूर्वी मॅलकीने जाहीर केलं, की पुलाच्या कठड्यावर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसणार. पाटीवर खाली ओळ होती : "स्वकीयांच्या फितुरीने बळी." पूल नोनीच्या दारासमोर. सकाळी खिडकी उघडली की तेच वाचायचं.

ती माझ्याकडे आली. "मार्टिन, गाडी काढ."

"कुठं?"

"जन्ममृत्यूच्या कचेरीत. मेलेल्या माणसाचा कागद असतो ना? मला अँथनी डर्कनचा पाहिजे."

"अगं, तो तुझा नात्याचा ना गोत्याचा. तुला कोण देईल?"

पण देतात. कचेरीतल्या फॅलनबाई हसून म्हणाल्या, "मृत्यूची नोंद सगळ्यांसाठी उघडी असते, आजी. कुणीही कुणाचीही मागावी. नाव, गाव आणि अंदाजे साल सांगा. पन्नास वर्षांहून जुनी असेल तर घरबसल्या कॉम्प्युटरवरसुद्धा सापडते."

नाव दिलं, गाव दिलं, एकवीस साल दिलं, तेव्हाचं वय एकसष्ट सांगितलं. काही नाही. पुढचं-मागचं साल पाहिलं. काही नाही.

नोनी पडेल चेहऱ्याने म्हणाली, "दलदलीत पुरलेल्याची कोण नोंद करणार? म्हणजे खरंच असेल."

"तसं नसतं," फॅलनबाई म्हणाल्या. "माणूस राहतो तिथं नोंद होत नाही, मरतो तिथं होते. त्याचं कुणी बाहेरगावी होतं?"

नोनीने माझ्याकडे पाहिलं. अँथनीची मुलगी दूर उत्तरेला डोनेगलमध्ये मासेवाल्याच्या घरी दिलेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी तिकडचं साल-साल चाळलं आणि सव्वीस सालात थांबल्या.

"एक अँथनी डर्कन आहे. पण हा तुमचा नव्हे. याचं वय शहात्तर लिहिलंय. तुम्ही सांगता तो जेमतेम सहासष्ट भरेल."

मी आणि नोनी एकदमच हसलो. फॅलनबाई शहरातल्या. आमच्या बाजूला म्हातारपणाची पेन्शन सत्तरीला मिळायची, आणि जुन्या माणसांचे जन्मदाखले नव्हते. साठीचे गडी एका हिवाळ्यात सत्तरीचे झाले. माझा स्वतःचा पणजा त्याच्या आईपेक्षा चारच वर्षांनी लहान होता, सरकारदरबारी.

"बाई," नोनी म्हणाली, "दहा वर्षं सरकारची आहेत, ती काढून टाका. खबर कुणी दिलीय ते वाचा."

बाईंनी वाचलं. मृत्यूचं कारण, छातीचा जुना दमा. ठिकाण, मुलीचं घर. खबर देणारा : डॉमिनिक डर्कन, मुलगा, राहणार किलशान. मरतेवेळी हजर.

शिपाई येणार म्हणून म्हातारा पळाला होता. पाच वर्षं लेकीकडे मासे खाऊन अंथरुणात मेला. पोराने त्याचे डोळे मिटले, सही ठोकली आणि गावात येऊन हुतात्म्याचा वारस म्हणून मिरवला. पबही चालला, मतंही मिळाली.

नोनीने शिक्क्याची नक्कल घेतली. परतताना मी म्हटलं, "पाटीच्या समारंभात सगळ्यांसमोर वाच."

"छे. ओरडणारी बाई वेडी ठरते. आधी पाटी बसू दे. चांगली घट्ट बसू दे."

पाटी बसली. बँड वाजला. मॅलकी फितुरांवर बोलला आणि बोलताना नोनीच्या खिडकीकडे बघत राहिला. ती खिडकीत बसून हंसाची पिसं उपटत होती. फेब्रुवारीपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.

आमच्याकडे कुणीही कुणाच्याही मृतात्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली खास प्रार्थना, मागू शकतं. चिठ्ठी द्यायची, रविवारी पाद्री वेदीवरून वाचतात. त्या वर्षी आमच्याकडे केरळहून फादर जोबी आले होते. भाबडा माणूस, दिलेलं अक्षरन् अक्षर वाचणार. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं :

"येत्या मंगळवारची मिस्सा अँथनी डर्कन यांच्यासाठी. सन एकोणीसशे सव्वीसमध्ये डोनेगल इथं, मुलीच्या घरी, दम्याच्या विकाराने, अंथरुणावर शांतपणे निधन. मुलगा डॉमिनिक शेवटच्या क्षणी जवळ होता. दाखल्याची नक्कल दारापाशी लावली आहे. विनंती, नोनी टार्पी."

मग मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "दलदलीतून बराच लांब चालत गेला की म्हातारा." आणि हसण्याने बाकं हलायला लागली.

संध्याकाळी मॅलकी नोनीच्या दारात. मी आतच चहा पीत होतो, हललो नाही.

"नोनी, मला ठाऊक नव्हतं. बापाने आम्हाला जे सांगितलं..."

"तुझ्या बापाला ठाऊक होतं. आणि त्याच्याच माणसाने माझ्या आईची पेटी दारात टाकली."

"पाटी उद्या काढतो."

"हात लावशील तर बघ. ती राहील. येणारा-जाणारा वाचेल आणि हसेल."

"मग तुला हवंय तरी काय?"

"मला? मी तर तुझ्या आजोबाच्या आत्म्यासाठी प्रार्थना सांगितलीय. मंगळवारी ये. सख्खा नातू आला नाही तर लोक काय म्हणतील?"

तो आला. यावंच लागलं. एरवी मंगळवारी चार म्हाताऱ्या असतात. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. लोक येऊन नोनीच्या बाकावर दाटीवाटीने बसले. तिने कुणाकडे पाहिलं नाही, सरकलीही नाही.

ती आता ब्याऐंशीची आहे आणि दर फेब्रुवारीत न चुकता चिठ्ठी देते. आणि आमची रीत अशी, की आपल्या माणसासाठी कुणी मिस्सा मागितली तर घरच्यांनी चर्चच्या दारात उभं राहून मागणाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि सगळ्यांसमोर आभार मानायचे. मॅलकी दरवर्षी मानतो. नोनी त्याचा हात लगेच सोडत नाही.