आप्पाच्या नावाची मूठ

देवाचं लिहायला बसलोय खरा, पण आधीच सांगतो, मी काही मोठा भक्त वगैरे नाही. सकाळी अंघोळ झाली की तसबिरीपुढे दोन हात जोडायचे आणि डबा घेऊन सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलचा रस्ता धरायचा, एवढीच माझी भक्ती. त्यातून स्वभाव तापट. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तर मी हात जोडणंही सोडून दिलं होतं. कानबाईच्या तसबिरीसमोर उभं राहिलं की नजर वर होत नव्हती. पोटात एक खोटं दडवून ठेवलं होतं, आणि ते कोणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

मला सुरतेत आणलं ते माझ्या थोरल्या भावानं. आम्ही त्याला आप्पा म्हणतो. वडील लवकर गेले. धुळ्याकडच्या आमच्या गावातून आप्पानं मला आणून उधन्याला उतरवलं तेव्हा मला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. स्टेशनाबाहेरचा रस्ता ओलांडताना त्यानं माझं मनगट असं आवळून धरलं होतं की दुसऱ्या दिवशीही ते दुखत होतं. तो जेटवर कामाला होता. जेट म्हणजे कापड रंगवायची मोठी बंद टाकी. स्वतः डबल पाळ्या करून त्यानं मला शिकवलं, रंगखात्यात चिकटवलं, आणि होता होता मी त्याच मिलचा रंगमास्तर झालो. किती रंग टाकायचा त्याची चिठ्ठी मी लिहायची आणि ती वाचून आप्पानं जेट चालवायचं. मला त्याचा कोण अभिमान! आप्पाला माझा त्याहून जास्त.

दिवाळीच्या आधीचे घाईचे दिवस होते. मोरपंखी रंगाचा मोठा लॉट बाहेर निघाला तो शेणकट. मी तरातरा खाली गेलो आणि पंधरा-वीस कामगारांसमोर आप्पावर ओरडलो, "डोळे फुटले होते का? जमत नसेल तर घरी बस!" सख्ख्या थोरल्या भावाला, ज्याच्या ताटात जेवून मोठा झालो त्याला. आप्पानं हात पुसले, खिळ्यावरचा शर्ट अंगात घातला आणि गेला. आठ दिवसांत खोली सोडून, वहिनीला घेऊन तो सुरतेबाहेरच्या सचिन गावी राहायला गेला आणि तिथल्याच एका मिलमध्ये लागला. त्या दिवशी संध्याकाळी मी चिठ्ठीची माझ्याकडची कार्बन कॉपी काढून पाहिली. पिवळ्याचा आकडा मी लालसमोर लिहिला होता. आप्पानं चिठ्ठीबरहुकूम रंग टाकला होता. चूक माझी होती. मी ती कॉपी फाडली, तुकडे गटारात टाकले आणि घरी येऊन जेवलो. कसा जेवलो असेन, आज मलाच नवल वाटतं.

आम्हा खानदेशी लोकांत श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला मायचं रूप द्यायचं, लुगडं नेसवायचं, दागिने घालायचे, आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, लागतात. रोटाचे गहू मोजून घ्यायचे असतात. कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. कोण आपलं आणि कोण परकं, ते त्या मुठींवरच ठरतं म्हणा ना. त्या दिवाळीनंतरच्या श्रावणात बायको गहू निवडायला बसली तेव्हा मी म्हणालो, "आप्पाच्या नावाची मूठ घालायची नाही. त्याची चूल वेगळी झाली." तिनं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मी आवाज चढवला, "ऐकू आलं ना?" ती म्हणाली, "आलं," आणि निवडत राहिली.

दुसऱ्याच दिवशी मला परदेशी जायचं होतं. शेठना बेल्जियममधल्या एका मिलमधली जुनी रंगाची मशीन घ्यायची होती, आणि ती पारखायला रंगमास्तर हवा. आमचे शेठ अस्सल सुरती, बोलायला मोकळे. विमानात मला सारखे चिडवत होते की मास्टर, खिडकी उघडू नका हां. गेंट नावाच्या शहरात आम्ही उतरलो. शनिवारी मशीन पाहून झाली. दुसरा दिवस नेमका कानबाईचा रविवार. जन्मात पहिल्यांदा मी कानबाईला घरी नव्हतो. मिल बंद, करायला काही नाही, तेव्हा शेठनी हॉटेलात चौकशी करून जुनं शहर पायी दाखवणाऱ्या बाईकडे आमची दोन नावं लिहिली. "चालो मास्टर, रविवार फोगट थोडो जवा देवाय?" म्हणाले.

ती बाई साठीच्या पुढची असेल. एका पायानं किंचित लंगडत होती, हातात उंच धरलेली लाल छत्री. आम्ही बारा जण होतो, ठिकठिकाणचे. निघण्याआधी तिनं सगळ्यांना मोजलं. पहिला पूल ओलांडला, पुन्हा मोजलं. प्रत्येक वळणावर थांबायची आणि बोट नाचवत एक ते बारा मोजायची. मी शेठना म्हटलं, "ही काय शाळेची सहल आहे का?" इंग्रजी मला कामापुरतं कळतं, बाकीचं शेठ गुजरातीत सांगत होते. दगडी रस्ते, कालव्याच्या काठानं दाटीनं उभी असलेली उंच निमुळती घरं, एका ओळीतले तीन मनोरे. मग एक मोठी इमारत दाखवून ती म्हणाली, इथं पूर्वी कापडाचा व्यापार चालायचा, हे शहर कापडावरच उभं राहिलं. ते ऐकून मला एकदम बरं वाटलं, कोणी ओळखीचं भेटावं तसं. पुढच्या चौकात ती म्हणाली, या जागी पूर्वी विणकर आणि कापड धुणारे एकमेकांवर तुटून पडले होते. एकाच कापडावर पोट भरणारी माणसं, आणि त्यांनी एकमेकांचे मुडदे पाडले. शेठ "अरेरे" म्हणाले. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर आप्पाची हात पुसणारी पाठमोरी आकृती उभी राहिली होती.

मग तिनं आम्हाला एका चर्चमध्ये नेलं आणि बजावलं, दहा मिनिटांनी याच मोठ्या दारापाशी या. आत एका कोनाड्यात त्यांच्या मेरीमायची छोटी मूर्ती होती. मूर्ती लाकडाची, पण तिला खरं कापड नेसवलेलं. जरीचा घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, गळ्यात दागिने. कापडातून नुसता चेहरा दिसत होता. आणि काय सांगू, माझे पाय तिथंच खिळले. आमची कानबाई अशीच दिसते. लुगड्याच्या निऱ्यांतून फक्त तोंड दिसणारी. या वेळी घरी बायकोनं पूजा मांडली असेल, गल्लीतल्या बाया गाणी म्हणत असतील, आणि सचिनला आप्पा एकटाच बसला असेल, असं मनात आलं. मी बाकावर बसलो. किती वेळ गेला कळलंच नाही. भानावर आलो तर आमच्यातलं कोणी नाही. घाबरून जे दार दिसलं त्यातून बाहेर पडलो, आणि ते भलत्याच गल्लीत उघडणारं निघालं.

डावीकडे गेलो, पूल लागला. उजवीकडे गेलो, तसाच पूल. सगळी घरं सारखी. हॉटेलचं नाव येईना, पासपोर्ट शेठच्या बॅगेत. मोठा रंगमास्तर, ओरडला की खालचं खातं गप्प होतं, आणि तिथं मला साधा रस्ता विचारता येईना! शेवटी एका पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. तेव्हा मी कितीतरी महिन्यांनी मनापासून हात जोडले. म्हणालो, "माय, मी आप्पाची मूठ काढायला लावली. आता तूही मला मोजलं नसशील तर तुझं चुकलं नाही. पण मी हरवलोय गं. कोणीतरी पाठव."

डोळे उघडले आणि पलीकडच्या वळणावर लाल छत्री दिसली. ती एकटीच होती. बाकीच्यांना कुठेतरी बसवून, तो दुखरा पाय ओढत, गल्ल्या पालथ्या घालत मला शोधत आली होती. धापा टाकत होती. आता ही झापणार, म्हणून मी मान खाली घातली. पण तिनं माझं मनगट धरलं आणि चालायला लागली. ती कानबाईच होती असं मी म्हणणार नाही. ती पोटासाठी शहर दाखवणारी एक म्हातारी बाई होती. पण ती हाकेसरशी आली, हे मी विसरू शकत नाही.

बाकीचे चौकात पायऱ्यांवर बसले होते. कोणी घड्याळ पाहत होतं, कोणी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे. शेठचं तोंड तर लाल झालं होतं. कोणी काही बोलायच्या आत ती बाई सगळ्यांसमोर मोठ्यानं काहीतरी बोलली. मी शेठकडे पाहिलं. शेठ हळूच म्हणाले, "ती म्हणते, चूक माझी, मी न मोजताच वळले." आता बघा, तिनं वेळ सांगितली होती, दार सांगितलं होतं. चूक सगळी माझी होती, आणि ते तिला पुरतं माहीत होतं. तरी चार लोकांत तिनं ती आपल्या अंगावर घेतली. मग बोट नाचवत मोजलं, माझ्यापाशी येऊन थांबली, हसली आणि म्हणाली, बारा.

मी तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडलो. चांगला चाळिशीला आलेला गडी. शेठ गडबडले, पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तो मोरपंखी लॉट, चिठ्ठी, फाडलेली कॉपी. वाटलं, आता नोकरी गेली. शेठ माझ्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "लॉट तो गयो ते गयो. भाईने पाछो लई आव." भावाला परत आण, एवढंच.

सुरतेला पोचलो तेव्हा पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती. बूट न काढताच बायकोला विचारलं, "रोट संपले?" तिनं फडताळातून डबा काढला. "आप्पांच्या वाट्याचे आहेत," म्हणाली. "मूठ घातलीस? मी नको म्हणालो होतो ना?" तर म्हणते कशी, "तुम्ही नको म्हणालात. कानबाई कुठं म्हणाली होती?" मी तिला हात जोडले, तशी ती "अगं बाई, काय हे!" म्हणून मागे सरकली. घरातले रोट बाहेर न्यायचे नसतात. तेव्हा आप्पालाच आणायला हवं होतं, आणि तेही आजच्या आज.

सचिनला पत्र्याच्या खोलीबाहेर आप्पा बाजेवर बसून दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण. मी पाया पडलो आणि उठायच्या आधीच बोललो, "आप्पा, चिठ्ठी मीच चुकवली होती. तुझी काही चूक नव्हती." आप्पा आरशात पाहतच म्हणाला, "माले माहीत शे." मला कळेचना. तो म्हणाला, "लॉट खराब निघना तव्हयच मी चिठ्ठी वाची. तू वरडत व्हता तव्हय ती मन्हा शर्टना खिशामा व्हती." खिळ्यावरचा तो शर्ट! मी म्हटलं, "मग तोंडावर का नाही फेकलीस?" आप्पानं वस्तरा पुसला. म्हणाला, "तू नवा मास्तर. सगळास्ना समोर चिठ्ठी काढतू, ते तुन्हं काय ऱ्हातं?"

वहिनी आतून डोळे पुसत आली आणि दोघांवरही करवादली, "आते निंघा, नहीत पुनीव व्हई जाई!"

आम्ही तिघं उधन्याला उतरलो. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. मी पाऊल टाकणार एवढ्यात आप्पानं माझं मनगट धरलं, आवळून, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच. घरी बायकोनं दूध तापवून ठेवलं होतं. आप्पानं आपल्या वाट्याचा रोट मोडला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी मी जेटखात्यात सगळ्या कामगारांना गोळा करून, ज्या जागी ओरडलो होतो त्याच जागी उभं राहून, चूक माझी होती हे सांगितलं. आप्पा काही आमच्या मिलमध्ये परत आला नाही, लागलेली नोकरी कशाला सोडू म्हणाला. पण एकही रविवार आमच्याकडे यायचं चुकवत नाही.

त्या बाईचं नावही मला ठाऊक नाही. तिला काय, रोजचे बारा-पंधरा जण. पण तसबिरीसमोर हात जोडले की कानबाईच्या शेजारी एक लाल छत्री दिसते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पूर्वी मी मायकडे यश मागायचो, मान मागायचो. आता काही मागत नाही. मला वाटायचं, कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं हे माझ्या हातात आहे. तसं ते नाही, मोजणारी ती आहे. दर श्रावणात गहू मोजायला आता मी स्वतः बसतो. आधी मायचं नाव घेतो आणि पहिली मूठ आप्पाच्या नावाची घालतो. बायको म्हणते, "अहो, सव्वा सांगितलीय, किती घालताय!" माझा हात काही आवरत नाही.