मजबूत केलेली बोट

गल्लीतले काका आमच्या घरी आले की आधी बोटं मुडपून खुर्चीवर टकटक करायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि मगच बसायचे. "मजबूत न्हाय," हा निकाल ठरलेला. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सगळी नोकरी केलेला माणूस. आमचं गेट, आमची मोरी, एकदा तर माझ्या जावयाची नवीकोरी मोटारसायकलही त्यांनी नापास केली होती. तुमच्याही गल्लीत असा एखादा परीक्षक असेलच.

ते निवृत्त झाल्यावर मुलानं परदेशातून त्यांना शिडाची बोट पाठवली. हातभर लांब, रिमोटवरची, पण इंजिन नसलेली. रिमोटनं फक्त सुकाणू वळवायचं आणि शीड सैल-घट्ट करायचं, बाकी सगळी वाऱ्याची मर्जी. रंकाळा तलावावर फिरायला आलेले लोक हटकून विचारायचे, "काका, इंजन कुठं हाय?" ते नुसते आभाळाकडं हात करायचे.

बापाचा वेळ जावा, एवढाच मुलाचा हेतू. पण वेळ होता कुठं? काकूंचं डायलिसिस एक दिवस आड चालू होतं. मधल्या दिवशी त्यांचा डोळा लागला की हे तासभर बोट घेऊन यायचे. मीही शाळेतून दमून तिथंच कट्ट्यावर टेकायचो. माझं दमणं मी सगळ्यांना ऐकवायचो, त्यांचं ते कधी बोलले नाहीत.

बोट त्यांना पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. "कागद हाय हो नुस्ता!" मग सुधारणा सुरू झाल्या. काठाच्या दगडाला आपटली, की फायबरचा एक थर. पाण्यावरच्या केंदाळात अडकून सुकाणू वाकलं, तर पितळेचं सुकाणू. काडीसारखी डोलकाठी काढून ठेवली आणि तिथं स्टीलची सळई आली. दर सुधारणेनंतर बोट पाण्यात आणखी थोडी खाली बसायची आणि आणखी रेंगाळायची.

"अहो, जड होतेय," मी म्हणायचो.

"जड न्हाय, सर. मजबूत."

घरातलं माणूस डोळ्यांदेखत हलकं होत चाललेलं त्यांना दिसत होतं. त्यांच्याशी वजनावरून वाद घालायचं मला जिवावर यायचं.

काकूंना ती बोट एकदा पाण्यात बघायची होती. "हाय तशी दावा की," त्या माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या.

"थांब गं. जरा मजबूत करतो, मग दावतो."

असं दोन-तीनदा ऐकल्यावर मी चिडलो. त्यांना बाहेर गाठून म्हणालो, "बोट मजबूत होईपर्यंत काकूंनी थांबायचं का?" पुढच्या मोकळ्या दिवशी ते रिक्षातून काकूंना घेऊन आले.

बोट निघाली, जरा आत गेली आणि वाराच पडला. ते रिमोटशी झटत होते, बोट जागची हलत नव्हती. कट्ट्यावर शाल पांघरून बसलेल्या काकूंनी विचारलं, "बिघडली काय?"

"न्हाय. वारा न्हाय."

"मग बसा की."

ते बसले. दुसरं करणार काय? बराच वेळ दोघं त्या उभ्या शिडाकडं बघत राहिले. मग काकू म्हणाल्या, "दुखण्यात पडल्यापासनं आज पयल्यांदा माझ्याजवळ निवांत बसलासा. न्हाईतर कायम हातात पाना."

ते एवढे लाजले, की मीच भडंग आणायच्या निमित्तानं उठलो. परत आलो तेव्हा काकू हसत काहीतरी सांगत होत्या आणि हे ऐकत होते. बोट तिथंच होती. मला फार बरं वाटलं.

काकू त्या उन्हाळ्यात गेल्या.

त्यानंतर बरेच महिने ते रंकाळ्यावर दिसले नाहीत. एका संध्याकाळी आले, तेव्हा बोट ओळखू येईना. फायबरचे थर पॉलिश पेपरनं घासून काढलेले, सळई गेलेली, जुनी डोलकाठी परत बसवलेली. साधी झुळूक आली तरी बोट सुसाट निघत होती. लांबवर गेली, ऐटीत वळली आणि बघता बघता काठाला लागली.

"वा! आता झाली खरी बोट," मी म्हणालो.

"चालती की झकास." ती उचलून त्यांनी हातानं पाणी निपटलं. "पर लई लवकर परत येतीया, सर. एवढ्या लवकर घरी जाऊन करू काय?"

मी सरकून त्यांना जागा केली. पण ते बसले नाहीत. वाकले आणि बोट परत पाण्यात सोडली.