चार नंबर खोलीतले टकले

किस्से आणि उंदीर, दोघांचं एकच. एक जोडी ठेवून द्या आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडून बघा! मी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत अकरा वर्षं उंदीर सांभाळले, त्यामुळे दोन्हींचा साठा माझ्याकडे भरपूर. आमच्यातली चार जणं एखाद्या लग्नात भेटली की नवरा-नवरी राहतात बाजूला, आणि बुफेच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणतं, "ते खोबरेल तेल आठवतं का गं?" झालं! मागचे लोक ताट घेऊन उभेच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उल्हासनगर कॅम्प पाचची, नुकतीच बी.एस्सी. झालेली. इंटरव्ह्यूला समोर डॉ. चित्रे मॅडम. बारीक अंगकाठी, जाड चष्मा, आवाज मात्र हेडमास्तरांचा. माझी मार्कशीट त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"वारंवार सर्दी होते?"

"नाही मॅडम."

"उद्यापासून या."

घरी सांगितलं तर आईने कपाळावर हात मारला. "एवढं शिकवलं ते उंदरं सांभाळायला? ती तर घरातसुद्धा होती की!"

आणि आमच्या शेजारचे टेकचंद अंकल! मशीनवर पर्स आणि पिशव्या शिवायचा त्यांचा धंदा. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा घेऊन दारात हजर. आत हा जाडजूड उंदीर. "बेटी, ये भी ले जा. तुम्हारी कंपनी में माल कम नहीं पडना चाहिए!"

*

आता हे उंदीर साधे नव्हते, एवढं सांगायलाच हवं. अंगावर केस नाहीत, गुलाबी, सुरकुतलेले. आम्ही त्यांना टकले म्हणायचो. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला आणि काळूरामला समोर बसवून सगळं समजावलं. काळूराम म्हणजे खोलीचा खरा मालक. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, मिश्या जाडजूड, शाळेचं तोंड न पाहिलेला.

मॅडम म्हणाल्या, "रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. त्यातल्या काही हृदयाच्या वर एक ग्रंथी असते तिथे जाऊन तयार होतात. आपलं कोण, परकं कोण, ते तिथे शिकतात आणि परक्याला हाकलतात. ह्या टकल्यांना जन्मतः ती ग्रंथीच नाही. आईबापांकडून आलेला दोष. त्यामुळे साधी सर्दी झाली तरी मरतात."

काळूरामने मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे पोरं हायेत, पन गावात शाळाच नाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "शैला, हे लिहून घे. माझ्या थिसिसमध्ये हे एवढं सोपं लिहिलेलं नाही."

मॅडमचं सगळं काम त्या एका प्रश्नावर होतं. टकल्याला बाहेरून ती ग्रंथी दिली, तर त्याच्या पेशी शिकतील का? पण पहिली बॅच पंधरा दिवसांत मेली. आमचे फॅक्टरी मॅनेजर कारखानीस साहेब तेवढीच वाट बघत होते. त्यांना चार नंबरची खोली रिकाम्या ड्रमसाठी हवी होती. "एक बॅच अजून देतो, मॅडम. ती गेली की खोली माझी."

ते ड्रम शेवटपर्यंत बाहेर कंपाउंडमध्येच गंजले. ते कसे, ते सांगते.

*

दुसऱ्या बॅचला पहिली पिल्लं झाली त्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर खोलीत वास. ओळखीचा वास. पिंजऱ्यात बघते तर पाच टकले चकचकीत!

"काळूराम, हे काय?"

"खोबरेल लावलं, ताई. बिचाऱ्यांना केसच येत नाय. रोज दोन टाइम चोळतो."

मॅडम आल्या. त्यांनी वास घेतला. आणि त्यांचा आवाज गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. "अहो, त्यांना केस नकोच आहेत!"

पाचातले दोन गेले. काळूराम दिवसभर जेवला नाही, डबा तसाच परत नेला. मला फार वाईट वाटलं हो त्याचं. माणसाने माया केली, एवढीच चूक. पण त्या दिवसापासून त्या खोलीत त्याच्याइतका कडक माणूस झाला नाही. नळाचं पाणी उकळल्याशिवाय आत जात नसे, खाली अंथरायचं भाताचं तूस वाफवल्याशिवाय पिंजऱ्यात पडत नसे. खोलीत शिरायच्या आधी आंघोळ, जेवून आलं की परत आंघोळ.

त्याची बायको एकदा कंपनीच्या गेटवर येऊन मला म्हणाली, "घरी सात हाका मारल्या तरी न्हात नाय ह्यो. आता उंदरासाठी दोनदा न्हातो. मला बी उंदीर करा वो ताई!"

*

कारखानीस साहेबांची सरप्राइज व्हिजिट तर ऐकाच! सोबत दोन पाहुणे, ड्रम कुठे रचायचे ते दाखवायला आणलेले. दारात काळूराम.

"आंघोळ?"

"सकाळी केली."

"हितली."

साहेब लाल झाले. पण मागे मॅडम हाताची घडी घालून उभ्या. गेले बिचारे बाथरूममध्ये. बाहेर आले ते काळूरामचा गाउन घालून, तो गुडघ्याच्या वर. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. पाहुणे भिंतीकडे तोंड करून हसतायत. साहेबांनी दाराला हात लावला आणि... फटकन शिंकले!

काळूराम अदबीने म्हणाला, "साहेब, सर्दी उतरली की या."

साहेब महिनाभर कॅन्टीनमध्ये सांगत होते, "माझ्याच फॅक्टरीत मला आंघोळ घालून हाकललं!"

*

टकल्या मादीला पिल्लं पाजता येत नाहीत. म्हणून आई घ्यायची केसाळ, पण जिच्या रक्तात तो दोष लपलेला आहे अशी. आता दहा केसाळ बहिणींतून ती ओळखायची कशी? दिसायला सगळ्या सारख्या! एकच उपाय, टकल्या नराबरोबर जोडी लावायची. टकली पिल्लं झाली की समजायचं, हिच्यात आहे.

काळूरामला हे शिकवायला मी मोठा तक्ता काढला, खडू-बिडू घेऊन. तो म्हणाला, "ताई, तक्ता कशाला? लगीन झाल्याबिगर घराण्याची खोट कळत नाय, हे आमच्या पाड्यावर म्हातारी बी सांगेल!"

पण नर-मादी भाऊ-बहीण आहेत हे त्याला कळलं त्या दिवशी मात्र गडबड झाली. "राम राम राम! मॅडम, हे पाप मी नाय करायचा." शेवटी ठरलं की जोडी मी लावायची आणि तेवढा वेळ काळूरामने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. अकरा वर्षं उभा राहिला!

*

पिंजऱ्यांना झाकण हवं होतं, हवा आत जाईल पण धूळ नाही असं. परदेशातलं यायचं नाव घेईना. मी कॅटलॉगमधलं चित्र टेकचंद अंकलना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतना ही? सोमवार को ले जाना."

सोमवारी तीस झाकणं तयार! जाड कापडाची, कडेला रबर, वाफेत घातली तरी आकार तसाच. मॅडमनी उलटसुलट करून पाहिली, अगदी खूश झाल्या. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटं सोनेरी लेबल शिवलेलं, 'इम्पोर्टेड'.

मी अंकलना विचारलं, हे कशाला? "अरे बेटी, लेबल के बिना माल नंगा लगता है!"

पुढे एक परदेशी शास्त्रज्ञ आले, उंच, गोरे, शिस्तीत आंघोळ केलेले. टकल्यांपेक्षा झाकणच जास्त वेळ बघत होते. आमच्याकडच्यापेक्षा हे चांगलं आहे म्हणाले, आणि लेबल वाचून विचारलं, "कुठल्या देशातून मागवलं?"

मॅडमनी चष्मा नीट केला. "कॅम्प नंबर पाच."

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं!

*

आता शेवटचं. टकले जगत होते, वाढत होते, पण कारखानीस साहेबांचं समाधान होईना. "मॅडम, ते आलेख नकोत. दिवाळीपर्यंत मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा. नाहीतर ड्रम आत."

मॅडम दोन दिवस पुस्तकं चाळत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काळूराम, तुझ्याकडे कोंबड्या आहेत ना?"

त्याने पाड्यावरून एक पिल्लू आणलं. मॅडमनी त्याच्या कातड्याचा नखाएवढा तुकडा एका टकल्याच्या पाठीवर बसवला. दुसऱ्या कुठल्याही उंदराचं शरीर तो तुकडा फेकून देईल. पण ह्याच्याकडे परकं ओळखणारं कोणी नव्हतंच! तुकडा चिकटला. आणि काही आठवड्यांनी, खोटं नाही सांगत, उंदराच्या पाठीवर पिसं फुटली! खरीखुरी, तपकिरी, कोंबडीची पिसं!

सगळी फॅक्टरी काचेबाहेर लोटली. पॅकिंगच्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन. काळूरामच्या बायकोने तर गालावर बोटच ठेवलं. "कोंबडी मांजर नेतं ते म्हायती व्हतं. उंदीर नेतो हे आज बघितलं!"

कारखानीस साहेब आले. न सांगता आंघोळ केली. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "अंडं देतो का?"

"तेवढं सोडून सगळं, साहेब," काळूराम म्हणाला.

ड्रमचा विषय लांबला. पण मॅडम म्हणाल्या, हे अर्धंच काम झालं. नुकत्याच जन्मलेल्या एका केसाळ पिल्लाची ती ग्रंथी काढून त्यांनी ह्याच पिसवाल्या टकल्याच्या शरीरात बसवली. मग वाट बघणं. आठवड्याला एक थेंब रक्त, आणि मी मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी मोजतेय.

इकडे कारखानीस साहेबांना वेगळंच सुचलं. अडीच महिन्यांनी मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब येणार होते. "मॅडम, पिसवाला उंदीर त्यांना दाखवायचा! तो आवडला तर खोली कायमची तुमची." दाराला तोरण लावलं, काचा पुसल्या.

त्या सकाळी मी आत शिरले तर काळूराम पिंजऱ्यासमोर उभा. डोळ्यांतून पाणी. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडलेली. पाठीवरचा तुकडा वाळून सुटलेला. आणि टकला मात्र ठणठणीत, पहिल्यासारखा गुळगुळीत.

"ताई, मी काय बी लावलं नाय. देवाशप्पथ, तेलाचा थेंब नाय लावला."

एवढं शिकलेली मी, पण त्या क्षणी डोळ्यांपुढे फक्त ड्रम दिसत होते. मॅडमना बोलावलं. त्या आल्या, पिंजऱ्यावर वाकल्या, खाली पडलेलं एक पीस चिमट्याने उचललं, उजेडात धरलं. मग स्टुलावर मटकन बसल्या. मला वाटलं, संपलं.

"शैला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो हेडमास्तरी आवाज चक्क फुटला, "त्याने परकं ओळखलं! पळ! स्टेशनजवळून पेढे आण! दोन किलो आण!"

मी काळूरामकडे पाहिलं. काळूरामने पिसांकडे पाहिलं. मग टकल्याकडे. आणि त्याच्या मिश्या हळूहळू वर जायला लागल्या.

मोठे साहेब आंघोळ करून, टोपी घालून आत आले, मागे कारखानीस साहेब. "कुठाय तो पिसवाला उंदीर?" मोठ्या साहेबांनी विचारलं. कारखानीस साहेबांनी पिंजऱ्यात पाहिलं आणि पांढरेफटक पडले. मॅडमना रडू आवरेना, त्या नुसत्या हाताने पिंजरा दाखवत होत्या. मी खोक्यातला पेढा पुढे केला.

"अहो, पिसं गेली आणि पेढे वाटता?" मोठे साहेब चक्रावले. "झालंय तरी काय?"

काळूराम टोपी सरळ करून पुढे आला. "शाळा भरली, साहेब!"