रिकामा टेम्पो

शेंदूर-तेलाचा वास आला की मानकोलीजवळची वीसेक वर्षांपूर्वीची सकाळ आठवते. रस्ता रुंद होणार होता, म्हणून आमचं इतिहास मंडळ तिथला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आणायला टेम्पो घेऊन गेलं. एक म्हातारी आडवी आली. "आमचा देव हाय तो. तुमच्या हॉलात त्याला तेल कोन लावनार?" मंडळाची चिटणीस असलेली माझी बायको तिच्याशेजारी बसली. "नका देऊ, मावशी. पण बघा, खाली हा लढतोय, वर अप्सरा त्याला नेतायत." "म्हंजे आमच्या गावचा गडी?" गावानेच तो दगड देवळापाशी हलवला. टेम्पो रिकामा परतला, पण माझी मान ताठ होती. बायको वारल्यावर परवा तिथे गेलो. एक बाई लेकीला दाखवत होती, "खाली आपला गडी लढतोय, वर अप्सरा नेतायत." शब्द माझ्या बायकोचे होते.