वंशावळीत नसलेल्या बायका

छातीतली गाठ निघाली तेव्हा मी एकेचाळीसची होते. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, मी परत बँकेत जाऊ लागले. माझ्यापुरता विषय संपला होता. मग डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली आणि कळलं, की पी-५३ नावाचं प्रथिन बनवणारं जनुक माझ्यात जन्मापासून बिघडलेलं आहे.

तिथल्या समुपदेशक मुलीने ते नीट सांगितलं. पेशीत बिघाड झाला की हे प्रथिन दुसऱ्या जनुकांना कामाला लावतं. वाढ थांबवा, दुरुस्ती करा, नाहीच जमलं तर पेशी मारून टाका. माझ्याकडे या जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. एखाद्या पेशीत ती चांगलीही गेली, की त्या पेशीला अडवणारं कोणी नाही. हे बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं, म्हणजे माझ्या थोरल्या भावातही असण्याची शक्यता निम्मी. त्याच्यात नसेल तर त्याच्या मुलीला त्याची धास्ती नको. असेल तर तिचंही रक्त तपासायचं आणि गरज पडली तर दर वर्षी तपासण्या, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. भाची तेव्हा तेवीसची.

समुपदेशक मुलीला घराण्याची तीन पिढ्यांची माहिती हवी होती. लालबागला राहणाऱ्या भावाने भावकीने छापलेल्या वंशावळीचा फोटो पाठवला. अकरा पिढ्या, नुसत्या बापांना बापच झालेले. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

मग मीच निघाले. एका रविवारी शिवडीला, थोरल्या आत्याच्या मुलीकडे. आत्या काविळीने गेली असं आम्हाला माहीत. ती म्हणाली, छातीचं होतं. आम्हा बहिणींची लग्नं व्हायची होती म्हणून कावीळ सांगितली. पुढच्या रविवारी माझगावला, धाकट्या आत्याच्या सासरी. ती तिशीत मेंदूतल्या गाठीने गेलेली, आणि घरचे तेव्हा गावच्या देवाला गाऱ्हाणी घालत बसले होते. राहिले आमचे वडील. ते ज्या मांडीतल्या गाठीने गेले ती मिलमध्ये कापडाचा गठ्ठा पडल्याने झाली, हे तीस वर्षं मीच लोकांना सांगत आले होते.

समुपदेशक मुलीने दाखवल्याप्रमाणे कागदावर काढलं. बायका गोल, पुरुष चौकोन, आजार झालेला काळा. सगळं काळं वडिलांच्या बाजूला. तो कागद घेऊन भावाकडे गेले आणि म्हटलं, रक्त दे.

त्याने कागदावर वर्तमानपत्र ठेवलं. हे बायकांचं असतं, म्हणाला. पोरीचं स्थळ जमत आलंय, दादरची मंडळी आहेत, आत्ता हे काढू नकोस.

मी वर्तमानपत्र उचललं. "हा काळा चौकोन आपला बाप आहे. तो बाई होता?"

"हे बघ, तुझं झालं ते झालं. माझ्या घरात आणू नकोस."

"मी काय आणणार? असलं तर आधीच आलंय."

वहिनी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागून भाची बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, तुम्ही नका देऊ," ती म्हणाली. "मी देते. माझ्यात निघालं तर तुमच्यात आहे हे आपोआपच कळेल. दादरच्यांनाही मीच सांगेन."

सोमवारी भाऊच माझ्याबरोबर परळला आला, बाही वर केली आणि सुई टोचताना भिंतीकडे बघत राहिला. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. त्याच्यात आहे. त्याच आठवड्यात भाची अर्धी रजा टाकून, कोणाला बरोबर न घेता, रक्त देऊन आली.

दादरच्या मुलाला तिने खरंच स्वतः सांगितलं. घरी विचारून कळवतो म्हणाला, त्यानंतर फोन नाही. वहिनीला तिकडे फोन करून समजूत काढायची होती. भाचीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. असं लपवून लग्न लावलं असतं, तर पुढे मी माझ्या पोरांना पण काविळीच सांगत बसले असते का, म्हणाली.

तिचा रिपोर्ट येत्या गुरुवारी आहे. मी रजा टाकली आहे, भावानेही. पण डॉक्टरांकडे आत ती एकटीच जाणार. आम्ही दोघांनी बाहेर बसायचं, आणि तोंडं पाडून बसायचं नाही, अशी ताकीद तिने दिली आहे.