हक्कसोडीत मागितलेली पिकप

केजला हक्कसोडपत्रावर सही करायची होती त्या दिवशी थोरल्या भावानं मला कचेरीबाहेरच्या लिंबाखाली चहा पाजला आणि विचारलं, "आक्का, तुला काय पाहिजे ते सांग. पैठणी घे. मनात काय ठिवू नको."

आमच्याकडं ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी सही करायची, भावांनी साडीचोळी करायची आणि माहेर टिकलं म्हणून सगळ्यांनी बरं वाटून घ्यायचं. जमिनीत माझा वाटा आहे हे मला ठाऊक होतं. मी वडवणीला शाळेत शिकवते, कायदा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण मायला उरलेलं आयुष्य या दोघा भावांच्या दारात काढायचं होतं. सहीचा विषय निघाला तेव्हा ती माझ्याकडं न बघता नुसता पदर नीट करत बसली होती. तिच्यासाठी मी सही करायला आले होते. साडीसाठी नाही.

"मला अण्णांची पिकप पाहिजे," मी म्हणाले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. धाकट्याला चहाचा ठसका लागला. "ती? आक्का, तिच्यात कोंबड्या अंडी घालतेत!"

"कोंबड्या तुमी ठिवा. गाडी मला द्या."

"भंगार हाय ते. कशापायी डोक्याला ताप करून घेती?"

"डोकं माझं हाय ना?"

दोघं एकमेकांकडं बघून हसले. स्वस्तात सुटलो, असं ते हसणं होतं. मी आत जाऊन सही केली, अंगठा दिला आणि बाहेर येऊन शाई लिंबाच्या खोडाला पुसली.

ही गाडी घरात आली तेव्हा मी दहावीत होते. गोल दिव्यांची, लांब दांडीच्या गिअरची, अण्णांनी जुनीच घेतलेली. तिच्यातून कांदे, टमाटे केजच्या बाजाराला जायचे आणि लग्नसराईत सगळी भावकी जायची. दर रविवारी अण्णा तिच्याखाली आडवे व्हायचे आणि मी बाजूला पाने घेऊन बसायचे. दहा-अकराचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा. पुढंपुढं त्यांनी मागायच्या आधीच मी बरोबर पाना त्यांच्या हातात द्यायचे. एकदा ते हात धुवायला गेले म्हणून मी स्टेअरिंगवर जाऊन बसले. परत आल्यावर ते म्हणाले, "उतर खाली. पोरीच्या जातीनं तिथं बसायचं नसतंय." रागानं नाही. चपला बाहेर काढ म्हणावं, इतक्या सहज. रागानं म्हणाले असते तर मी कदाचित विसरले असते.

भाऊ मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकले. मी शिकले नोकरी लागल्यावर, वडवणीच्या ड्रायव्हिंग क्लासात.

गाडी क्रेननं उचलून मोठ्या टेम्पोतून वडवणीला आणली तेव्हा आमच्या गल्लीत वरात आल्यासारखी गर्दी झाली. टायर मातीत रुतून फाटले होते. मागच्या हौद्याच्या तळाला एवढी भोकं होती की खालची जमीन दिसायची. केबिनमध्ये कडब्याचा भुसा, पिसं आणि सीटच्या स्प्रिंगांत अडकलेलं एक अंडं. माझ्या नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान आहे. त्यानं सगळीकडून गाडी बघितली, सीटच्या फाटक्या रेक्झिनला दोन बोटं लावली आणि म्हणाला, "हे तेवढं मी करीन. बाकी तुझं तू बघ." लग्नानंतर या माणसानं मला बरंच काही दिलं असेल, पण त्या दिवशी त्यानं 'कशाला?' विचारलं नाही, ते मला सगळ्यात जास्त वाटतं.

बाकी सगळ्यांनी विचारलं. शेजारीण म्हणाली, दुधाचा धंदा टाकताय का? शाळेत हेडमास्तर म्हणाले, मॅडम, भाड्यानं लावणार असाल तर कारखान्याकडं माझी ओळख आहे. मी सांगायचे, हौस आहे. बाईनं हौस केली तर काठापदराची करावी, मंगळसूत्राच्या वाट्यांची करावी. हळदीकुंकवाला शंभर बायका बोलवाव्यात. तिला कुणी नाव ठेवत नाही. पण नोकरीवाल्या बाईनं रविवारी नवऱ्याची जुनी पँट घालून पत्र्याचा गंज घासावा, हे लोकांच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. दारावरून जाणारे उगाच सावकाश जायचे. मी घासणं थांबवायचे नाही.

गंज काढायचं, ब्रेकचं, वायरिंगचं काम मी स्वतः शिकत शिकत केलं. इंजिन मात्र मिस्त्रीकडं न्यावं लागलं. मिस्त्री पोटानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. मी प्रश्न विचारला की तो उत्तर माझ्या नवऱ्याला द्यायचा.

"पिस्टन घासलेत का?" मी विचारलं.

"भाऊ, पिस्टन गेलेत, लायनर गेलेत," तो नवऱ्याकडं बघून म्हणाला. "माझं ऐका, भंगारात द्या."

नवरा म्हणाला, "मला सुईत दोरा ओवता येतो, मिस्त्री. गाडी हिची हाय. हिच्याशी बोला." आणि तो खरंच समोरच्या हॉटेलात जाऊन भजी खात बसला. नाइलाजानं मिस्त्री माझ्याशी बोलायला लागला. आधी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघून, मग हळूहळू माझ्याकडं.

इंजिन झालं, पण खरं भांडण पॉवर स्टेअरिंगवरून झालं. माझा उजवा खांदा धरतो. फळ्यावर उंच लिहिताना सुद्धा कळ येते. ही गाडी जागेवर वळवायची म्हणजे रहाटाचं काम. म्हणून मी बीडला भंगारवाल्यांकडं हिंडून एका अपघातातल्या नव्या पिकपचं पॉवर स्टेअरिंग, पंपासकट उचलून आणलं.

"बसत न्हाई," मिस्त्रीनं बघताक्षणी सांगितलं.

"का बसत न्हाई?"

"जुन्या गाडीला असलं शोभत न्हाई. तुमचे वडील चालवतच होते की बिगर पॉवरची."

"वडिलांचा खांदा वडिलांसंगं गेला. मला माझ्या खांद्यानं चालवायची हाय."

पंप धरायला वेल्डिंगवाल्याकडून पट्टी करून घेतली. ती तिरकी बसली, पंपाचा बेल्ट उडाला आणि तेल सगळीकडं झालं. मिस्त्री म्हणाला, "बगा, मी म्हणलं न्हवतं का?" मी म्हणाले, "पट्टी चुकली, पंप न्हाई चुकला. दुसरी करू." दुसरी बरोबर बसली. त्या दिवशी मी गॅरेजच्या अंगणात उभ्या गाडीचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, फक्त डाव्या हातानं. मिस्त्री म्हणाला, "मक्खन!" आणि नंतर बरेच दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला ती आयडिया त्याचीच असल्यासारखी सांगत राहिला. मी त्याला मिरवू दिलं. गाडी माझ्याकडं होती.

नवऱ्यानं सीटला तपकिरी रेक्झिन शिवलं, पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घालून. कागदं, पासिंग, सगळं रीतसर झालं. राहिला रंग.

काचेच्या वर, कपाळपट्टीवर, अण्णांनी दोन्ही भावांची नावं रंगवून घेतली होती. आमच्या भागातल्या प्रत्येक गाडीवर लेकांची नावं असतात. थोरली मी, पण मी कपाळावर कधीच नव्हते. पत्रा घासताना ती नावं माझ्या हातानंच गेली. मुद्दाम घासली का? बाकीच्या पत्र्याइतकीच घासली, पण सुरुवात तिथून केली, एवढं खरं.

पेंटर ब्रश बुडवून म्हणाला, "ताई, मालकाचं नाव सांगा."

"मीच मालक."

"बरं, मग मुलाचं?"

"मुलगी हाय. तिची गाडी होईल तेव्हा तिचं घाला. हिच्यावर माझं घाला." मी त्याला माझं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. त्यानं एकदा नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "वेलांटी नीट काढा, मास्तरीण हाय ती."

मायला तिच्या बहिणीकडं, चौसाळ्याच्या मावशीकडं जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी आजारी असल्याचा निरोप आला आणि मी फोनवर म्हणाले, माय, मी येते न्यायला. रविवारी सकाळी गाडी घेऊन माहेरच्या अंगणात शिरले. निळाभोर रंग, नवे दिवे. धाकटा पळत आला, बॉनेटवर हात फिरवला, "आगं बाबौ!" म्हणाला. वहिन्या दारात आल्या. थोरला ओट्यावर दात घासत होता. तो चूळ भरून आला, गाडीसमोर उभा राहिला आणि त्याची नजर वर गेली.

"आमची नावं कुठं गेली?"

"गंजली होती."

"बापाच्या गाडीवरनं आमची नावं खरवडली तू?" त्याचा आवाज चढला. "अण्णांनी घातलेली नावं! लाज न्हाई वाटली, आक्का?"

मी गाडीतून उतरले.

"तुमची नावं सातबाऱ्यावर हायेत," मी म्हणाले. "तिथली मी खरवडली न्हाईत. सही करून आले. या पत्र्यावर आता माझं नाव ऱ्हाईल."

तो काहीतरी बोलणार होता. पण आतून माय बाहेर आली, हातात पिशवी, डोक्यावर धुतलेला पदर. तिनं दोघांकडंही बघितलं नाही. सरळ चालत गाडीच्या मागं गेली आणि हौद्याच्या फाळक्याला हात घालून वर चढायला लागली.

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. अण्णांच्या काळात केबिनमध्ये पुरुष बसायचे. बायका, लेकरं, गाठोडी मागं हौद्यात. लग्नाला जाताना ऊन असो, धूळ असो, माय मागं बसायची, केबिनच्या मागच्या काचेतून नवऱ्याचं डोकं बघत. या गाडीत पुढं बसायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"माय, पुढं," मी म्हणाले आणि केबिनचं दार उघडलं.

"तिथं?"

"तिथंच."

"ती कुठं जाणार न्हाई असल्या गाडीत," थोरला म्हणाला. "मी सोडतो मोटारसायकलवर."

मायनं पिशवी आधी सीटवर टाकली, मग दाराची दांडी धरून स्वतः वर चढली आणि पदर सावरत म्हणाली, "मोटारसायकलवर कंबर मोडती माझी. सर बाजूला, दार लावू दे." थोरला बाजूला झाला. तिनं एवढ्या जोरात दार आपटलं की परसातल्या कोंबड्या उडाल्या.

नेकनूरच्या पुढं चढाला लागलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. पाण्याचा वरचा पाइप तोंडाशी चिरला होता. बघता बघता मोटारसायकली थांबल्या. एकानं सांगितलं रेडिएटर गेला, दुसऱ्यानं इंजिन गेलं. तिसरा म्हणाला, "बाई, संगं कुणी माणूस न्हाई का?"

केबिनमधून माय म्हणाली, "आमी दोघी काय हाव मग? म्हशी?"

लोक हसले, पण हलले नाहीत. मी गाडी थंड होऊ दिली, पाइपचं चिरलेलं तोंड ब्लेडनं कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून बसवला, क्लॅम्प आवळला, कॅनमधलं पाणी भरलं. सेल मारला. गाडी पहिल्याच झटक्यात लागली. त्या तिसऱ्या माणसानं बॉनेट लावायला मदत केली आणि जाताना वर लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचलं. इंजिनच्या आवाजात मायला ते नीट ऐकू आलं नाही. तिला वाचता येत नाही.

"काय लिव्हलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या बापाचं आडनाव मला आठवायला येळ लागला आत्ता." एवढं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

चौसाळ्यात मावशीच्या दारासमोर गाडी थांबवली, तर माय उतरेना.

"उतर की, आलं घर."

"आधी हॉर्न वाजव," ती म्हणाली. "लांब वाजव. तिला बाहेर येऊन बगू दे."

मी वाजवला. मावशी सुनेच्या खांद्याला धरून दारात आली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. शेवटी तिला बहीण ओळखू आली आणि ती एवढी हसली की तिला खोकला लागला. माय मग सावकाश उतरली.

त्या दिवाळीला भाऊबीजेला धाकटा एकटाच आला. थोरल्यासाठी पाट मांडून ठेवला होता. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही, पाहिली. वाईट वाटलं. पण त्या कपाळपट्टीवरचं एक अक्षरही बदलावं असं वाटलं नाही. मायची मात्र त्यानं कधी अडवणूक केली नाही, महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला न्यायला जाते तेव्हा तो शेतात निघून जातो.

पुढच्या वर्षी तो आला. ओवाळून घेतलं, जेवला, माझ्या लेकीला अभ्यासाचं विचारलं. निघताना फाटकाशी गाडीजवळ थांबला. वर बघितलं नाही. पायानं टायर दाबून बघितला.

"अॅव्हरेज किती देती?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं.